दोन बाटल्यांचा हिशेब

फौजी माणसाची दारू म्हणजे कॅन्टीनचा कोटा आणि मेसमधली रम. मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेलो तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, नापा दाखवतो." म्हटलं, गर्दी नको. मग लोडायला गेलो.

तिथली जमीन बरीचशी वाळूची. मुळं खाणारी फायलॉक्सेरा कीड वाळूत फारशी टिकत नाही, म्हणून शंभरी ओलांडलेल्या झिनफँडेलच्या वेली अजून उभ्या आहेत. जाड, वाकड्या, बिनआधाराच्या. म्हातारी वेल घड कमी देते. त्यामुळे वाइन थोडी, आणि महाग.

मालक स्वतः ओतत होता. पाच वाइन, एकेक घोट. थुंकायला भांडं ठेवलं होतं. मी थुंकलो नाही, रेशन वाया घालवायची सवय नाही.

शेजारच्या टोळीनं त्याचा तासभर घेतला, फोटो काढले आणि "दुकानात स्वस्त मिळेल" म्हणत निघाली. मला ते खटकलं. इतक्या थोड्या मालाकडे वितरक सहसा वळत नाही; या माणसाची कमाई त्या काउंटरवरच. आवडली तर एक बाटली घ्यावी, बहुतेकदा चाखण्याची फीही माफ होते. नाही आवडली तर फी देऊन तसं सांगावं. भिडेपोटी क्लबचं सदस्यत्व मात्र घेऊ नये.

भारतात माणशी दोन लिटरच करमुक्त, म्हणून ७५० मिलिच्या दोनच आणल्या. एक पुण्यात कोर्समेटला दिली. पठ्ठ्यानं ग्लासात आधी बर्फ टाकला.