अब्राहामाच्या ग्रंथाविषयी मॉर्मन मंडळीच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रथम अध्यक्षमंडळ, सॉल्ट लेक सिटी यांस,


मंडळी सोडणारा माणूस दुखावलेला असतो किंवा मोहात पडलेला, असे आपल्यात सर्रास बोलले जाते. माझे कारण शिकवणुकीतले आहे, म्हणून त्याला उत्तरही तिथूनच हवे. १८३५ साली ओहायोतील कर्टलंडमध्ये चार ममी आणि काही पपायरस विकत घेतले गेले. त्यांवर अब्राहामाने स्वतः लिहिलेला वृत्तांत आहे, असे सांगून मंडळीचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी १८४२ मध्ये त्याचे भाषांतर ‘अब्राहामाचा ग्रंथ’ म्हणून छापले. १८८० पासून ते आपले धर्मशास्त्र आहे. त्या पपायरसचे तुकडे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने मंडळीला परत दिले. ग्रंथातील पहिल्या चित्राचे मूळ त्यांतच आहे, आणि त्याला लागून असलेला मजकूर आहे होर नावाच्या इजिप्शियन पुरोहिताच्या परलोकप्रवासासाठीचा. तुकड्यांवर अब्राहामाचे नाव कुठेही नाही, हे मंडळीच्या २०१४ च्या निबंधानेच मान्य केले आहे.

यावर म्हटले जाते की अब्राहामाचा मजकूर हरवलेल्या गुंडाळीत असेल. पण तिसऱ्या चित्राची छापील प्रत हरवलेली नाही. ती आजही ग्रंथात छापली जाते. त्या चित्रातल्या एका आकृतीला स्मिथ यांनी फारो राजा म्हटले आणि त्याचे नाव डोक्यावरच्या अक्षरांत दिले आहे, असेही सांगितले. ती अक्षरे वाचता येतात. ती आकृती इसिस देवीची आहे. गुंडाळी कितीही लांब असली तरी हे वाचन बरोबर ठरत नाही.

दुसरा बचाव अधिक गंभीर आहे: पपायरस केवळ निमित्त होता, ग्रंथ थेट प्रकटीकरणातून आला. ईश्वराला हे अशक्य आहे, असे मी म्हणत नाही. पण खुद्द स्मिथ यांनी अक्षरांचा अर्थ सांगितला होता. जो दावा तपासता येत होता तो तपासणीत टिकला नाही, म्हणून आता तपासता न येणारा दावा त्याच्या जागी आणला जातो. मग संदेष्ट्याच्या शब्दाची पारख श्रद्धावंताने कशावर करावी? प्रार्थनेतून मिळणारी साक्ष मनाला धीर देते, हे खरे. इसिसच्या नावाचे फारो मात्र ती करू शकत नाही. आणि हा वाद अभ्यासकांपुरता नाही. याच ग्रंथातील फारोच्या वंशाला याजकपद नाकारणाऱ्या ओळींचा आधार घेऊन कृष्णवर्णीयांवरील याजकपदबंदीचे समर्थन होत राहिले, आणि ती बंदी १९७८ पर्यंत टिकली. त्या बंदीसाठी दिलेली जुनी कारणे आपण २०१३ मध्ये नाकारली; ग्रंथ मात्र जिथल्या तिथे आहे.

तेव्हा मागणी एवढीच: पुढच्या आवृत्तीत तिसऱ्या चित्राखाली, स्मिथ यांच्या स्पष्टीकरणाशेजारी, त्या अक्षरांचे खरे वाचन छापा.

आपला,
मंडळीचा एक माजी सदस्य