घर शांत असेल, तर बुजरा कुत्रा आणा

मुलं नोकरीसाठी बाहेरगावी गेली आहेत, घरात दोघंच उरला आहात, टीव्हीसुद्धा बातम्यांपुरताच लागतो, अशा घरांसाठी हे आवाहन आहे. कुत्रा पाळायचं मनात असेल तर विकतच्या पिल्लामागे जाऊ नका. जवळच्या प्राणी निवाऱ्यात जा आणि सगळ्यात मागे, भिंतीला चिकटून बसणारा कुत्रा कोणता, ते विचारा.

दत्तक घ्यायला येणारे बहुतेकजण जाळीशी धावत येऊन शेपूट हलवणारा कुत्रा पसंत करतात. बुजरा तसाच राहतो. आजूबाजूची भुंकाभुंकी, रोज येणारी नवी माणसं यांनी तो आणखी मिटत जातो. निवारा कितीही चांगला असो, शांतता आणि रोजचा ठरलेला क्रम तिथे मिळणं अवघड. तुमच्या घरी दोन्ही आयतं आहे.

असा कुत्रा दिसला की कुणीतरी त्याला मारलं असणार, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तसं नसतं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला माणसांचा सहवास मिळाला नाही, तर त्याला पुढे माणसांचा धसका राहू शकतो. तेव्हा फार कीव करू नका. कीव आली की आपण त्याला सारखे कुरवाळायला जातो, आणि त्याला नेमकं तेच नको असतं.

घरी आणल्यावर शेजाऱ्यांना बघायला बोलावू नका. ओवाळणं, अंघोळ, फोटो, सगळं राहू द्या. टेबलाखाली किंवा पलंगाच्या आडोशाला जुनी गोधडी अंथरा, पाणी ठेवा. निवाऱ्यात जे खात होता तेच पहिले काही दिवस द्या. लाडाने दूध पाजलंत तर पोट बिघडण्याचीच शक्यता जास्त. ताटली ठेवली की तिथून निघून जा. तुमच्यासमोर तो कदाचित खाणार नाही, रात्री सगळे झोपल्यावर खाईल. दुपारी त्याच्यापासून थोड्या अंतरावर, त्याच्याकडे तोंड न करता जमिनीवर बसून पेपर वाचा. नजरेला नजर देऊ नका. तो स्वतःहून हुंगायला आला, तरी लगेच डोक्यावर हात नको. नंतर कधीतरी छातीपाशी, खालच्या बाजूने. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई देणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, या त्याच्या ‘पुरे’ म्हणायच्या खुणा आहेत. गुरगुरला तर रागावू नका. ती ताकीद आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

सगळ्यात मोठा धोका पळून जाण्याचा. घाबरलेला कुत्रा मागे सरकत गळ्यातल्या पट्ट्यातून डोकं सहज काढून घेतो, आणि नव्या भागात सुटलेला कुत्रा हाक मारून येत नाही. म्हणून छातीचा पट्टा आणि गळपट्टा दोन्ही घाला, दोन्हींना दोरी अडकवा, गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर लिहा. दूधवाला, कुरिअरवाला आला की आधी कुत्र्याला आतल्या खोलीत घ्या, मगच दार उघडा. बाहेर जायला तयार नसेल तर काही दिवस बाल्कनीत वर्तमानपत्र पसरा. फिरवणं थांबलं तर काही बिघडत नाही.

तो पाहुण्यांत कधीच रमणार नाही, हीसुद्धा शक्यता आहे. काही कुत्री घरातल्या दोन माणसांपुरतीच मोकळी होतात, तीही काही महिन्यांनी. हे चालणार नसेल, किंवा नातवंडं सुट्टीभर धुडगूस घालणार असतील, तर दुसरा कुत्रा निवडा. त्यात कमीपणा काही नाही. भीतीने खाणंपिणंच सुटलं तर मात्र वाट बघत बसू नका, पशुवैद्याला दाखवा. भीतीवर औषधंही आहेत.

सोसायटीत कुणी आडवं आलं, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा: पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. तुमच्या बाजूने रेबीजची लस वेळेवर द्या, महापालिकेचा परवाना काढा आणि रस्त्यावरची घाण उचला.

आणि आणायची वेळ नीट निवडा. गणपतीचे ढोल-ताशे आणि दिवाळीचे फटाके यांच्या मधल्या काळात मुळीच नको. तुळशीचं लग्न उरकलं की बरं. तोपर्यंत निवाऱ्यात अधूनमधून जाऊन त्याच्या पिंजऱ्याबाहेर नुसते बसा, म्हणजे तुमचा वास तरी त्याच्या ओळखीचा होईल. बरेच निवारे आधी थोडे दिवस सांभाळायला देतात. तशी सोय आहे का, ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या.