कोंडी जटपुऱ्याची, खापर भिंतीवर

चंद्रपुरात संध्याकाळी गोंडकालीन परकोटाच्या जटपुरा गेटशी अडकलेला माणूस पहिली शिवी हासडतो ती गोंडराजाला. मग ठरलेली सूचना येते: दरवाजा राहू द्या, पण शेजारची भिंत फोडून वाट मोकळी करा. पाचशे वर्षांपूर्वी ट्रक नव्हते, तेव्हाच्या मापात आजचं शहर का कोंबायचं?

प्रश्न बिनतोड वाटतो खरा. पण गेटच्या आत चार पावलं टाकून बघावं. दुकानांपुढे दुचाक्यांची दुहेरी रांग, तिला खेटून हातगाड्या, त्यापुढे प्रवाशांची वाट बघत तिरप्या उभ्या ऑटो. वाहनांना उरतो तो मधला पट्टा. भिंत फोडली तर याच पट्ट्यात दुप्पट वाहनं शिरतील आणि कोंडी गांधी चौकाकडे सरकेल. मुंबईच्या फोर्टची तटबंदी 1860च्या दशकात पाडली. तिथं आता गाड्या सुसाट धावतात का?

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. ज्या भिंतीला इंग्रज अडवता आले नाहीत, तिचं कौतुक कशाला? मे 1818मध्ये इंग्रजांच्या तोफांनी परकोटाला खिंडार पाडलं, हे नाकारता येत नाही. पण भिंतीचा दुसरा शत्रू आपण विसरतो. एका अंगाला इरई, दुसऱ्या अंगाला झरपट, असं हे गाव. वर्धा नदीला पूर आला की इरईचं पाणी उलटं फुगतं आणि नदीकाठच्या वस्त्यांत शिरतं. त्या पाण्याला जुन्या गावाबाहेर थोपवायला हा दगडी बांध उभा असतो. आत पाणी कधीच येत नाही, असा माझा दावा नाही. पण कोळसा खाणींच्या मातीचे ढिगारे नदीकाठी रचायचे आणि वर हा बांधही फोडायचा, याला विकास म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा पठाणपुरा दरवाजाबाहेर काढावा.

गोंडराजा खांडक्या बल्लाळशहानं या परकोटाचा पाया घातला आणि पुढच्या राजांनी काम पुरं केलं, असं परंपरा सांगते. सुमारे 11 किलोमीटरचा घेर. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे आणि शिवाय खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. दरवाजावर हत्तींना पायाखाली घेतलेला सिंह कोरलाय. मान वर करून तो बघणारे किती, हा प्रश्न भिंत पाडू म्हणणाऱ्यांइतकाच तिच्यावर रंगीत दिवे सोडणाऱ्यांनाही विचारायला हवा. रोषणाईनं दगडाच्या सांध्यात घुसलेला पिंपळ मरत नाही. तो हातानं उपटावा लागतो. 2017पासून इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी कुदळ-फावडी घेऊन बुरूज साफ केले, ते काम मला दिव्यांहून मोलाचं वाटतं.

तेव्हा भिंतीला हात न लावता कोंडी फोडा. जड वाहनं बाहेरून वळवा, गेटच्या दोन्ही बाजूंचे ऑटोथांबे हलवा, दुचाक्यांसाठी वाहनतळ करा. हातगाडीवाल्यांना हुसकावू नका, जवळच जागा आखून द्या. भिंतीला टेकून पिढ्यान्‌पिढ्या संसार करणाऱ्यांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. वारशाच्या नावाखाली त्यांच्या घरांवर बुलडोझर घालणार असाल, तर मी त्यांच्या बाजूनं. आधी गावातच, कामधंद्याच्या जवळ पक्की घरं द्या, मग भिंत मोकळी करा.