आधी हंडे मोजा, मग वाफे पाडा



वैशाखाचे ऊन तापते आहे. नांगरट झाली, ढेकळे फुटली, रान आता पावसाची वाट पाहात पडले आहे. रोहिणी निघाली की पेरणीची धांदल सुरू होईल आणि मग घरामागच्या चार हात जागेकडे पाहायला कुणाला फुरसत मिळणार नाही. म्हणून परसबागेचा विचार करायचा तो आत्ताच.

उदाहरणासाठी आपण तेरखेडा घेऊ. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातले हे गाव सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. शोभेच्या दारूसाठी ते दूरवर प्रसिद्ध आहे. पण गावाभोवतीची शेती मात्र बालाघाटातल्या इतर गावांसारखीच, पावसावर हवाला ठेवून चाललेली. अशा गावात परसबाग लावणारे पुष्कळ असतात; चैत्रापर्यंत टिकवणारे थोडे. मृगात हौसेने गुंठाभर जागेत बी टाकले जाते, दिवाळीपर्यंत सारे हिरवेगार दिसते आणि होळी झाली की एकेक वाफा माना टाकू लागतो. मग घरची बाई डोक्यावरच्या हंड्यातले पाणी वांग्याला घालू की प्यायला ठेवू, या विचारात पडते. चूक तिची नसते. बाग आखताना जागा मोजली, पाणी मोजले नाही, तिथेच सारे चुकलेले असते.

या भागाला हे वेगळे सांगायला नको. १९७२चा दुष्काळ जुन्या लोकांच्या आठवणीत आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांचा दुष्काळ तर पोरासोरांनीही पाहिला. २०१६ सालच्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात पिण्याच्या पाण्यावर बाग करू नये. बाग करायची ती घरात एकदा वापरून झालेल्या पाण्यावर. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसे पाणी पाहून वाफे पाडावेत.

हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. हिवाळ्यात भाजीच्या वाफ्यातून रोज साधारण चार मिलिमीटर पाणी उडते. एप्रिल-मेच्या उन्हात हाच आकडा आठाच्या घरात जातो. चार फूट रुंद आणि दहा फूट लांब असा वाफा धरा. त्याला हिवाळ्यात दिवसाला पंधरा लिटर, म्हणजे एक हंडा पाणी लागेल. उन्हाळ्यात दोन हंडे. एका वाफ्याला हिवाळ्यात एक, उन्हाळ्यात दोन, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. याच मापाने गुंठाभर बागेला हिवाळ्यात रोज सुमारे सत्तावीस हंडे आणि उन्हाळ्यात चोपन्न हंडे लागतील. पाच माणसांच्या घरात एवढे सांडपाणी येणार कोठून? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार!

आता आपल्या घरचे हंडे मोजू. पाच माणसांच्या घरात आंघोळ, भांडी, धुणे मिळून रोज दहा हंडे खर्च होतात असे समजू. त्यांतले तीन धुण्याचे. धुण्याचे पहिले दोन हंडे बागेत घालू नयेत. कपड्याच्या पावडरीत सोड्याचा अंश असतो. तो काळ्या जमिनीत साठला की माती चिकट होते, वाळल्यावर दगडासारखी घट्ट बनते आणि पाणी आत मुरत नाही. हे पाणी शोषखड्ड्यात जाऊ द्यावे. शेवटच्या खळखळीचा एक हंडा मोरीजवळच्या अळूला आणि केळीला द्यावा. आंघोळीचे व भांड्यांचे सहा हंडे उरतात. त्यांतला एक वाटेत मुरतो. पाच वाफ्यांपर्यंत पोहोचतात. दहावा हंडा आपण हिशेबातच धरत नाही. तो म्हणजे डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी व सकाळी ओतून टाकलेले शिळे पाणी. हे पाणी सर्वांत स्वच्छ असते. ते वेगळ्या बादलीत साठवावे.

म्हणजे या घरात हिवाळ्यात सहा वाफे जगतील. पाच मोरीच्या पाण्यावर, एक बादलीच्या स्वच्छ पाण्यावर. उन्हाळ्यात पहिल्या पाचांतले दोन आणि स्वच्छ पाण्याचा अर्धा, असे अडीचच वाफे राखावेत. बाकीच्यांना विश्रांती द्यावी, शेणखत घालून पालापाचोळ्याने झाकून ठेवावे. सारी जागा पाव गुंठाही भरत नाही. हे ऐकून नाउमेद होऊ नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ सालच्या आहारसूचनेत मोठ्या माणसाने दिवसाला निदान तीनशे ग्रॅम भाजी खावी असे म्हटले होते. सहा वाफ्यांतून पाच जणांना एवढी भाजी मिळणार नाही हे खरे. कांदा, बटाटा, कोबी बाजारातूनच येईल. पण आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीच जी पालेभाजी सुकते आणि जी ताटातून पहिल्यांदा नाहीशी होते, ती घरची मिळेल. बाळंतिणीला, वाढत्या मुलामुलींना तिचीच गरज मोठी असते.

वाफ्याची रुंदी चार फुटांहून जास्त नको. दोन्ही बाजूंनी बसून मध्यापर्यंत हात पोहोचला पाहिजे. दोन वाफ्यांमध्ये दीड फूट वाट सोडावी. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. म्हणून पावसाळ्यात गादीवाफे करावेत, म्हणजे मुळे कुजत नाहीत. थंडी सरल्यावर तेच वाफे खोलगट करावेत, म्हणजे घातलेले पाणी जागीच राहील. पाणी रोज थोडे थोडे शिंपडू नये. मुळे वरच्या वर राहतात आणि एका दुपारच्या उन्हाने रोप कोमेजते. पाच वाफ्यांना पाळी लावावी. आज पहिल्याला पाचही हंडे, उद्या दुसऱ्याला. उन्हाळ्यात दोन वाफ्यांना एक दिवसाआड. कोवळ्या रोपांना मात्र रोज ओलावा लागतो.

मोरीच्या तोंडाशी दोन फुटांचा खड्डा घेऊन खाली वीटतुकडे, वर खडी, त्यावर वाळू भरावी. त्यातून उतरलेले पाणी त्याच दिवशी वाफ्यात सोडावे. साठवले तर वास येतो आणि डास होतात. मेथी, कोथिंबीर, मुळा आपण भाकरीबरोबर कच्चाच खातो. त्यांची जागा बादलीच्या पाण्याच्या वाफ्यात. मोरीच्या पाण्यावर वांगी, भेंडी, गवार, घेवडा अशा शिजवून खायच्या भाज्या घ्याव्यात आणि पाणी बुडाशी द्यावे, पानाफळांवर उडू देऊ नये.

शेवगा, कढीपत्ता, लिंबू यांची झाडे उत्तरेच्या कडेला लावावीत. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येते, त्यामुळे वाफ्यांवर सावली पडत नाही. मात्र एखादा शेवगा मावळतीला असावा. उन्हाळ्यात दुपारनंतर त्याची विरळ सावली भाजीला उपकारी ठरते. दोडका, कारले, वाल यांना वाफा देऊ नका, कुंपण द्या. वेलाच्या बुडाशी जुना, पाझरणारा माठ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावा. तीन-चार दिवसांचे पाणी तो हळूहळू देतो. सोयाबीनच्या भुसाचा दोन बोटे थर वाफ्यावर पसरला की पाण्याची आणखी बचत होते.

पावसाळ्यात पाण्याची चिंता नसते. तेव्हा भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, तांदुळजा चार वाफे जास्त घ्या. दहा फूट रुंद, वीस फूट लांब पत्र्यावर दहा मिलिमीटरची एक सर पडली की दोनशे लिटरचे बॅरल जवळजवळ भरते. माळवदाचे पाणी गढूळ असले तरी वाफ्याला चालते. दसऱ्यानंतर मेथी, पालक, शेपू, लसूण, टोमॅटो घ्यावेत. मेथी एकदम सारी पेरू नये. दर दहा-बारा दिवसांनी हातभर पट्टा पेरावा, म्हणजे एका आठवड्यात उतू जाणे आणि पुढचा महिनाभर काहीच नसणे, असे होत नाही.

बियाण्यासाठी प्रत्येक भाजीचे एक जोमदार झाड राखून ठेवा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही भेंडी सुधारित वाण आहे, तिचे बी घरी धरता येते. संकरित वाणाचे धरलेले बी मात्र मूळ गुणाचे निघत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी परसबागेतले गावरान बी जपले आणि २०२० सालची पद्मश्री मिळवली. बियाण्याची गाडगी-मडकी म्हणजे केवढे धन, हे त्यांनी दाखवून दिले.

दोन गोष्टींपासून जपा. तणनाशक मारलेला पंप परसबागेत आणू नका; राहिलेल्या चार थेंबांनी टोमॅटोची पाने आकसतात. आणि तेरखेड्यासारख्या गावात, शोभेच्या दारूच्या कामातली रिकामी पोती किंवा ड्रम पाणी साठवायला, माती भरायला कधीही वापरू नका. त्या कामातले बेरियमचे क्षार विषारी असतात. कितीही धुतले तरी भाजीशी त्यांचा संबंध नको.

शेवटची गोष्ट घरातल्या कर्त्या पुरुषांसाठी. १९९३च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने महिलांना घेऊन काम उभे केले. पुढे दुष्काळाच्या वर्षांत तिच्या बायकांनी घरच्या शेतातला अर्धा-एक एकर तुकडा मागून घेतला आणि त्यात आधी घरापुरते धान्य, कडधान्य, भाजी पिकवली. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक संस्थेला मिळाले. तुकडा लहानच होता. पण काय पेरायचे हे त्या बाईने ठरवले. परसबागेतही तसेच व्हावे. हंडा जिच्या डोक्यावर, वाफा तिच्या हुकमाचा.

तेव्हा येत्या तीन दिवसांत एक काम करा. मोरीत किती हंडे जातात ते भिंतीवर कोळशाने रेघा मारून मोजा. हे काम मुलांना द्या. तिसऱ्या दिवशी रेघा मोजून घरातल्या बाईला विचारा आणि तेवढेच वाफे दोरीने आखा. बाग लहान दिसेल, पण पुढच्या वैशाखात ती हिरवी असेल.