एशियाडचा एक रुपया

१/
महाराष्ट्रात 'एशियाड' म्हटले की आधी एसटीची निमआराम गाडी आठवते. १९८२ साली दिल्लीत भरलेल्या आशियाई खेळांचे नाव आपल्या फलाटांवर असे कायमचे राहून गेले. त्या खेळांची स्मृतीही आपण तशीच जपली आहे: वेगवान, चकचकीत, अभिमानाची. मात्र या स्मृतीतून एक रुपया गहाळ झाला आहे. हा धागा त्या रुपयाविषयी आणि यजमानपदाच्या नावाखाली तो कापणाऱ्या वृत्तीविषयी.

२/
आधी रूढ कथा. १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२, ३३ देश. जवाहरलाल नेहरू स्टेडियम आणि इंद्रप्रस्थ इनडोअर स्टेडियम उभे राहिले. अलाउद्दीन खिलजीच्या सिरीच्या अवशेषांलगत राज रेवाल यांनी रचलेले क्रीडाग्राम वसले. उड्डाणपूल झाले, त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले, अप्पू हत्ती घराघरांत पोहोचला. यातले काहीही खोटे नाही. पण जमाखर्चाच्या वहीतली फक्त जमेची बाजू वाचून दाखवणाऱ्याला इतिहासकार म्हणत नाहीत. त्याला जाहिरातदार म्हणतात.

३/
आता खर्चाची बाजू. १९८० साली इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या आणि तयारीने वेग घेतला. कामे कंत्राटदारांकडे गेली. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा येथून मजूर आणले गेले, तेही जमादारांमार्फत. जमादार म्हणजे आपल्याकडच्या ऊसतोडीतला मुकादमच. मजूर त्याच्या हाताखाली आणि मजुरीही त्याच्या हातातून. ही व्यवस्था महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही.

४/
कायद्याने ठरलेले किमान वेतन होते दिवसाला ९ रुपये २५ पैसे. जमादार प्रत्येक मजुरामागे दररोज १ रुपया 'कमिशन' कापून घेई. मजुराच्या हाती उरत ८ रुपये २५ पैसे. कमाईचा सुमारे ११ टक्के वाटा असा रोज वाटेतच नाहीसा होत होता. स्त्रियांना तर ७ रुपयेच मिळतात, अशी तक्रार होती. बांधकामावर चौदा वर्षांखालची मुले राबतात, अशीही तक्रार होती.

५/
हे प्रकरण 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स' या संघटनेने उजेडात आणले. तिच्या पाहणीच्या आधारे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. निकाल लागला १८ सप्टेंबर १९८२ रोजी, उद्घाटनाला अवघे दोन महिने उरले असताना. भारतातल्या जनहित याचिकांच्या इतिहासात 'एशियाड कामगार खटला' म्हणून ओळखला जातो तो हाच.

६/
सरकारी बाजूचा एक युक्तिवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे: हे मजूर आमचे नव्हेत, कंत्राटदारांचे आहेत. म्हणजे स्टेडियम राष्ट्राचे, कीर्ती राष्ट्राची, मजूर मात्र परक्याचा! न्यायालयाने हा बचाव फेटाळला. काम कंत्राटदाराकडे सोपवले म्हणून कामगार कायदे पाळले जातात की नाही हे पाहण्याची शासनाची जबाबदारी संपत नाही, असे न्यायालयाने बजावले.

७/
निकालाचा गाभा याहून खोल आहे. राज्यघटनेचा २३ वा अनुच्छेद वेठबिगारीला मनाई करतो. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात माणूस राबतो तेव्हा त्याच्या मागे कोणी चाबूक घेऊन उभा नसला, तरी त्याची भूक उभी असते. म्हणून तेही सक्तीचे श्रमच होत, असा अर्थ न्यायालयाने लावला. मराठीत बांधकामावरच्या मजुराला आपण आजही 'बिगारी' म्हणतो. जे आपली भाषा पिढ्यानुपिढ्या सहज बोलून जात होती, ते न्यायालयाला १९८२ साली निकालपत्रात लिहावे लागले.

८/
आता प्रशासनाच्या तत्परतेचा नमुना पाहा. परप्रांतीय मजुरांच्या संरक्षणाचा कायदा १९७९ चा. दिल्लीपुरते त्याचे नियम लागू व्हायला जून १९८२ उजाडला. तोवर बांधकामाचा मोठा भाग उरकलाही होता. स्टेडियमचे छत वेळेत चढले. त्याखाली राबणाऱ्याचा कायदा मात्र वाटेतच रेंगाळला. वेळ कमी होता हे मान्य करू. पण तो नेमका कोणासाठी कमी पडला?

९/
येथे नेहमीचा आक्षेप येतो: 'तारीख ठरलेली होती, जगासमोर नाचक्की झाली असती.' याला दोन उत्तरे आहेत. पहिले साधे: मजुराचा रुपया कापल्याने काँक्रीट लवकर वाळत नाही. त्या रुपयाने वेळेचा एक क्षणही वाचला नाही. तो केवळ मधल्याच्या खिशात गेला. घाईची सबब पुढे केली गेली ती लूट झाकण्यासाठी.

१०/
दुसरे उत्तर खुद्द दिल्लीच्याच इतिहासात आहे. पहिले आशियाई खेळ १९५० साली व्हायचे होते. तयारी झाली नाही, म्हणून ते मार्च १९५१ मध्ये घेतले. ब्रिटिश काळातलेच स्टेडियम वापरले. ११ देश आले, सचिन नाग यांनी जलतरणात सुवर्ण मिळवले, फुटबॉलच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला हरवले. तारीख वर्षभर पुढे गेल्याने नवजात प्रजासत्ताकाची अब्रू गेली नाही. तारीख माणसाने ठरवलेली असते आणि माणूसच ती बदलू शकतो.

११/
दुसरा आक्षेप: 'प्रतिष्ठा हवी तर भव्य बांधावे लागते.' मग बँकॉककडे पाहा. १९६६ चे खेळ त्या शहराने भरवले. १९७० साठी निवडलेल्या सोलने माघार घेतली. बँकॉक पुढे आले. १९७८ साठी आधी सिंगापूर आणि मग इस्लामाबाद मागे हटले. पुन्हा बँकॉकच धावून आले. इतर देशांनी पैशाचा भार उचलला आणि तिन्ही वेळा मुख्य स्टेडियम तेच होते. आशियाई खेळांची परंपरा त्या दशकात तुटली नाही, ती या जुन्या मैदानामुळे. भव्यतेचा अट्टहास तेथे कोणाला आठवला नाही.

१२/
उलट उदाहरण जकार्ताचे, १९६२. सुकार्नोंनी सोव्हिएत कर्जातून सेनायन येथे प्रचंड क्रीडासंकुल उभारले. त्यासाठी तेथली वस्ती उठवून लोकांना तेबेत भागात हलवले. मग इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेशच नाकारला. आशियाई खेळांच्या जनकांपैकी एक असलेल्या गुरुदत्त सोंधी यांनी याला हरकत घेताच जमावाने भारतीय दूतावासावर हल्ला केला. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केले. यजमान शहर राज्यकर्त्याच्या मिरवणुकीचा रथ झाले की, चाकाखाली कोण आले हे रथावरून दिसत नाही.

१३/
तिसरा आक्षेप भावनिक असतो: 'यजमानपद परत करणे हा अपमान.' हनोईला २०१२ साली अठराव्या आशियाई खेळांचे यजमानपद मिळाले. एप्रिल २०१४ मध्ये व्हिएतनामने खर्चाचा हिशेब मांडला आणि सरळ नकार कळवला. ते खेळ २०१८ मध्ये जकार्ता आणि पालेम्बांगला झाले. व्हिएतनामचे काय बिघडले? ऐपत ओळखून थांबण्याला आपल्या घराघरांत शहाणपण म्हणतात. राष्ट्राला मात्र आपण ऋण काढून सण करायला सांगतो.

१४/
दिल्लीने १९८२ पासून काही धडा घेतला का? नोव्हेंबर २००३ मध्ये माँटेगो बे येथे दिल्लीने २०१० च्या राष्ट्रकुल खेळांसाठी हॅमिल्टनला ४६ विरुद्ध २२ मतांनी हरवले. त्या वेळी प्रत्येक सदस्य देशाला १ लाख डॉलर देऊ केले होते. तयारीला जवळजवळ सात वर्षे होती. तरीही २०१० साली तीच संघटना पुन्हा न्यायालयाच्या दारात उभी होती, या वेळी उच्च न्यायालयाच्या. तक्रारही तीच, कमी वेतनाची. न्यायालयाने नेमलेल्या समितीलाही कामगार कायद्यांचे उल्लंघन आढळले. तेव्हा दोन वर्षे होती म्हणून घाई झाली म्हणावे, तर सात वर्षांत काय झाले?

१५/
आता २०३० च्या राष्ट्रकुल खेळांचा मान अहमदाबादला मिळाला आहे आणि ऑलिंपिकची स्वप्ने रंगत आहेत. स्वप्नांना विरोध नाही. मागणी एवढीच की प्रत्येक बांधकामाची हजेरी आणि वेतनाची नोंदवही, स्टेडियमच्या आराखड्याइतक्याच अभिमानाने, पहिल्या दिवसापासून लोकांसमोर ठेवली जावी. मजुराचे पैसे मुकादमाच्या हातून न जाता थेट त्याच्या हाती पडावेत. आणि यातले काही जमत नसेल, तर तारीख पुढे ढकलण्याची तयारी असावी.

१६/
मित्रहो, तुम्ही गडाच्या तटावर हात ठेवून विचारता की हा चिरा कोणत्या पाथरवटाने घडवला असेल. ती जिज्ञासा रास्त आहे, पण तेथे कागद क्वचितच सापडतो. येथे कागद आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, त्यात वेतनाचा आकडा आहे, कपातीचाही आहे. आपण तो वाचत नाही, कारण त्यात पदकतालिका नाही. पुढच्या वेळी कोणी एशियाडने दिल्लीला काय दिले याची यादी वाचू लागला, तर ती पूर्ण ऐकून घ्या आणि मग शांतपणे विचारा: त्या रोजच्या एका रुपयाचे काय झाले?