पावतीवर काय लिहिलंय?

जून लागला की मावळात दोन खर्च एकदम दाराशी येतात, भाताचं बियाणं आणि मुलांची शाळा. बियाण्याची पावती आपण जपून ठेवतो. उगवलं नाही तर दुकानदाराला जाब विचारता येतो! शाळेत मात्र हजारो रुपये मोजतो आणि पावती मागायला कचरतो. लोणावळा लोकलच्या लेडीज डब्यात हा विषय काढला की हमखास ऐकू येतं, ‘‘अहो, विचारलं तर पोराला त्रास देतील.’’

मैत्रिणींनो, मोफत असलेल्या गोष्टीचे पैसे आपण अज्ञानापेक्षा या भीतीपोटी जास्त भरतो. शिवाय ‘मोफत’ हा शब्दही नीट तपासून घ्यावा लागतो. मोफत कुठे, कोणाला आणि किती?

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपरिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीचं शिक्षण मोफत आहे. पाठ्यपुस्तकं आणि दुपारचं जेवण तर अनुदानित शाळेतही मिळतं. पण पाटीवर ‘शासनमान्य’ लिहिलं म्हणजे शाळा अनुदानित होत नाही. मान्यता वेगळी, अनुदान वेगळं. इथेच अनेकींची फसगत होते.

विनाअनुदानित शाळा फी घेणारच. तरी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी मोफत ठेवाव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला यातून सूट! तळेगाव-लोणावळ्यासारख्या दाट वस्तीत मग उरलं काय असतं? जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हे आरक्षण लागू नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी शाळा कोणत्या प्रकारची आहे, ते विचारून घ्या.

लेक मोठी झाली की पुढचा प्रश्न. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना शंभर टक्के शुल्कमाफी आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं. पण माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. वसतिगृह, खानावळ आपल्याच माथी. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर माफी नाही. ‘मुलींचं सगळं फुकट’ एवढंच ऐकून घरचं गणित मांडू नका.

आणि ती ‘देणगी’? शाळेने जाहीर केलेल्या फीव्यतिरिक्त घेतलेली कोणतीही देणगी शिक्षणहक्क कायद्यात कॅपिटेशन फी ठरते. त्यासाठी घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. पण पावतीच नसेल, तर दंड कशाच्या आधारावर होणार?

१९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत पाठवलं नाही, तर पालकाला महिना एक रुपया दंड होता. आज पाठवणारेच दंड भरल्यासारखे पैसे भरतात.

एकटीने विचारायची भीती वाटते ना? मग चौघी मिळून जा. प्रत्येक रकमेपुढे ती कशासाठी आहे, ते लिहून मागा. पालक-शिक्षक संघाच्या सभेला नवऱ्याला धाडण्याऐवजी स्वतः जा. तिथे ऐकलं नाही, तर वडगावला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. चार आयांच्या सह्या असलेल्या अर्जावरून एकाच मुलाला त्रास देणं सोपं नसतं.