वाढीव पैका मुरतो कोठें?

सार्वजनिक आरोग्यखात्याच्या रकमेंत अमुक कोटींची वाढ झाली, असें अंदाजपत्रकाच्या दिवशीं जाहीर होतें आणि सभागृहांत बाकें वाजतात. वाढीचें स्वागत आम्हीही करतों. मात्र ती कोणत्या खातीं पडली, हें आम्हांस पाहावयाचें आहे. आमचे व्यापारी वाचक नुसत्या एकूण बेरजेवर संतुष्ट होऊन वही मिटीत नाहींत, खतावणी उघडतात. सरकारच्या वहीस निराळा न्याय कां असावा?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें दोन वचनें दिलीं. सरकारचा आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर न्यावयाचा, हें पहिलें. त्यांतील दोन-तृतीयांश वा अधिक भाग प्राथमिक सेवेस द्यावयाचा, हें दुसरें. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत पहिलें प्रमाण १.८४ टक्केच भरलें. त्याची चर्चा तरी होते. दुसऱ्या वचनाची आठवण क्वचितच निघते. वस्तुतः पंधराव्या वित्त आयोगानेंही राज्यांस हाच दोन-तृतीयांशांचा दंडक सांगितला आहे.

हा वाद नुसत्या आंकड्यांचा नव्हे. २०१८ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचें पांच लाखांचें छत्र रोगी रुग्णालयांत दाखल झाल्यावर उघडतें. रक्तदाबाची रोजची गोळी त्यांत बसत नाहीं. ती प्राथमिक आरोग्य केंद्रांतच मिळावयास हवी. सपाट प्रदेशांत तीस हजार आणि डोंगराळ भागांत वीस हजार लोकांमागें असें एक केंद्र, हा सरकारचाच नियम. तेथील कपाट रिकामें राहिलें म्हणजे आज कांहीं रुपयांत आवरणारा विकार पुढें पक्षाघात होऊन शहरांत येतो, आणि तोच खजिना मग लाखांनीं रिता होतो.

मोठीं रुग्णालयें नकोत काय, असा आक्षेप येईल. तीं हवींतच. परंतु इमारतीस कोनशिला असते, उद्घाटन असतें. परिचारिकेच्या पगारास व औषधाच्या साठ्यास तें भाग्य नाहीं. म्हणून वाढीव पैशाचा ओघ आपोआप दगड-विटांकडे वळतो. तो नियमानेंच अडविला पाहिजे.

आमची मागणी एवढीच कीं, प्रत्येक वाढीसोबत एक तक्ता छापावा : प्राथमिक सेवेस किती, रुग्णालयांस किती, वेतन, औषधें व बांधकाम यांस किती, आणि गतवर्षीं प्रत्यक्ष खर्च किती. तोंवर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. दहा रुपयांच्या अर्जास तीस दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यांस बंधनकारक आहे. आपल्या तालुक्यांतील केंद्राचा औषधखर्च वाचकांनीं विचारावा. मालकानें मुनिमास हिशेब विचारण्यांत संकोच तो कसला?